चार लिंबं आणि आमची गाडी

खंडेनवमीला आमच्या घरात पाना उचलायला बंदी होती. पाने, पक्कड, स्क्रूड्रायव्हर, हातोडी, आईची विळी, सगळं आदल्या संध्याकाळी घासूनपुसून देवासमोर पाटावर मांडलं जायचं. सकाळी त्यावर एकदा हळदकुंकू पडलं की दसरा उजाडेपर्यंत कुणी हात लावायचा नाही. बाबा तमिळ मुलुखातल्या आवडी गावच्या फॅक्टरीत होते, संरक्षण खात्याच्या. तिथली मशिनंसुद्धा त्या दिवशी हार घालून गप्प बसलेली असत. "वर्षभर आपण त्यांना राबवतो," बाबा म्हणायचे, "एक दिवस त्यांनी बसायचं आणि आपण हात जोडून उभं राहायचं." एरवी बाबा काही देवभोळे नव्हते, पण या एका बाबतीत कुणाच्या बापाचं ऐकायचे नाहीत.

शेजारच्या तमिळ मामा-मामींकडून आम्ही आणखी एक गोष्ट उचलली होती. पूजा झाली की गाडीच्या चार चाकांखाली चार लिंबं ठेवायची आणि गाडी त्यांच्यावरून पुढे न्यायची. लिंबं फुटताना फचाक आवाज यायचा. तो मला इतका आवडायचा की कॉलेजात जायला लागल्यावरही मी चाकाशी कान लावून बसायचे.

त्या वर्षी मात्र लिंबांवर सगळं अडलं होतं. बाबा तीन महिन्यांत रिटायर होणार, क्वार्टर सोडायचं आणि दादाने वेलचेरीत घेतलेल्या फ्लॅटमध्ये राहायला जायचं, असं ठरलं होतं. दादा आयटीत होता. कमरेला मोबाइलचं पाकीट लटकवून फिरायचा आणि घरात काहीही बोललं तरी "प्रॅक्टिकली बघ" म्हणायचा. फ्लॅटला पार्किंगची जागा एकच होती, आणि ती त्याला नव्या गाडीसाठी हवी होती. आमची गाडी त्याच्याच वयाची. पिवळट पांढरी, स्टीअरिंगच्या दांड्यालाच गिअर असलेली, पुढे तिघं बसतील अशी सलग सीट. दादाने भंगारवाला बघूनही ठेवला होता.

मी भांडभांड भांडले. बाबांना त्या गाडीवाचून मला बघवलं नसतं, हे माझं खरं कारण. दर रविवारी बॉनेटखाली डोकं घालून काळे हात करणारा माणूस तिसऱ्या मजल्यावर टीव्हीपुढे बसून काय करणार होता? दुसरं कारण असं की मलाही ती गाडी हवी होती. हवी म्हणजे हवी. बाबांनी मला प्लग साफ करायला शिकवलं होतं, पॉइंटमधलं अंतर लावायला शिकवलं होतं, आणि आदल्या रविवारी तर मी अख्खा कार्बोरेटर एकटीने उतरवून, धुऊन परत बसवला होता. बाबा खुर्ची टाकून समोर बसले होते, हात मागे बांधून. शेवटी गाडी सुरू झाली तेव्हा एवढंच म्हणाले, "बरं झालंय." मी दिवसभर जमिनीवर नव्हते.

आमच्या भांडणाला कंटाळून बाबांनीच निकाल दिला. "नवमीला पूजा होऊ दे. चारही लिंबांवरून ती आपली आपण गेली तर राहील. धक्का मारायला लागला, तर दसऱ्याला तुझ्या भंगारवाल्याला फोन कर."

मला वाटलं, झालं, जिंकले मी. कार्बोरेटर मी बसवला होता ना.

नवमीच्या सकाळी दादा चक्क पहाटे उठून गाडी धूत होता. पूजा झाली. बॉनेटवर चंदनाचे पट्टे, झेंडूचा हार, सगळीकडे उदाचा धूर. आईने लिंबं ठेवली. मामा-मामी चुरमुरे-चणे घेऊन बघायला आले. बाबा आत बसले आणि त्यांनी किल्ली फिरवली. स्टार्टर घरघरला. इंजिन काही लागेना. पुन्हा घरघर, पुन्हा नाही. चौथ्या-पाचव्या वेळेला बॅटरी दमल्याचं आवाजावरून कळायला लागलं. बाबांनी किल्ली सोडली आणि काचेतून बघितलं ते गाडीकडे नाही, माझ्याकडे.

मामांनी सवयीने नेसलेली वेष्टी गुडघ्यावर दुमडली, "तळ्ळु, तळ्ळु" म्हणत धक्का मारायला मागे गेले सुद्धा. मी अक्षरशः आडवी उभी राहिले. "नो, मामा, आज धक्का नाही."

"पाने आत आहेत," बाबा शांतपणे म्हणाले. "आज ते मिळणार नाहीत."

मी बॉनेट उघडलं. पेट्रोलचा भपकन वास आला. म्हणजे पेट्रोल येत होतं. माझा कार्बोरेटर ठीक होता, माझा जीव जरा भांड्यात पडला. मग अडलं होतं ठिणगीशी. मी वाकून बघितलं तर इंजिनावर सगळीकडे पाणी. प्लगच्या वायरींवर थेंब, प्लगांना ठिणगी वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या झाकणावर थेंब.

"इंजिनावर पाइप कुणी मारला?" मी दादाकडे वळले. "मुद्दाम केलंस ना? तुझी ती नवी गाडी यावी म्हणून? लाज नाही वाटत?"

दादाचा चेहरा पडला. म्हणाला, "शेवटची पूजा असेल, म्हणून आतून पण स्वच्छ केली गं. चार वर्षं मला शाळेत सोडायला येत होती ती. मला काय माहीत पाणी चालत नाही?"

खरंच त्याला माहीत नव्हतं. आयुष्यात त्याने बॉनेट उघडलं नव्हतं. पण माझ्याकडे तेव्हा दया दाखवायला वेळ नव्हता, कारण माझ्या डोक्यात एक गोष्ट लख्ख झाली होती. डिस्ट्रिब्युटरचं झाकण दोन क्लिपांवर बसतं. स्क्रू नाही, नट नाही.

"बाबा, क्लिपा बोटांनी उघडतात," मी म्हटलं. "बोटं काही पाटावर मांडलेली नाहीत."

बाबांनी विचार केला. मिशीखाली हसल्यासारखं वाटलं मला. "बोटांना चालेल," ते म्हणाले.

एक क्लिप उघडताना नख मुळापासून तुटलं, पण झाकण निघालं. आत चष्म्यावर धरतं तसं दव धरलेलं. वायरींसकट झाकण उपसून मी घरात धावले. वायरी उलटसुलट होण्याची भीती नव्हती, माझ्याच नेलपॉलिशचे एक, दोन, तीन, चार ठिपके मी प्रत्येकीवर आधीच दिलेले होते. आई पुरणपोळ्या उरकून तवा उतरवत होती.

"तवा ठेव, ठेव तसाच."

"ते काळं काय घेऊन आलीस माझ्या स्वयंपाकघरात?"

"आई, तव्याची पूजा केलीस का?"

"तव्याची कशी करीन? मग जेवाल काय?"

"मग दे."

गॅस बंद. गरम तव्यावर घडी करून फडकं, फडक्यावर झाकण. आईने आधी नाक मुरडलं, मग तिच्याच्याने राहवेना. पदराच्या टोकाने ती एकेक खाच पुसायला लागली. "तुझ्या बाबांनी रिकामं बसून माझं डोकं खाण्यापेक्षा हे बरं," असं पुटपुटतही होती. तोवर दादा बाहेर वाकून, कुणी न सांगता, स्वतःच्या रुमालाने इंजिन टिपत होता.

कोरडं, कोमट झाकण मी परत बसवलं. क्लिपा टक टक लागल्या. ठिपके बघून वायरी खोचल्या. बाबा ड्रायव्हरच्या सीटवरून उतरले.

"तू बस. कार्बोरेटर तुझा, झाकण तुझं. बॅटरीत एकदाच जोर राहिलाय, बघ."

माझं शिकाऊ लायसन्स होतं. चोक ओढला, क्लच दाबला, किल्ली फिरवली. स्टार्टर कण्हला, एकदा, दोनदा, आणि मग इंजिनाने असा काही गच्च आवाज धरला की हार थरथरायला लागला. मामी टाळ्या वाजवत होत्या. मी हसत होते की रडत होते, मलाच कळत नव्हतं. पहिला गिअर टाकला. क्लच सोडला. फचाक. फचाक. फचाक.

तीनच.

मी ब्रेक दाबला. मागचं उजवं लिंबू चाकाखालून सटकून बाजूला पडलं होतं, अखंड, कुंकवासकट. सगळे त्याच्याकडे बघत उभे राहिले. बाबांनी चारही म्हटलं होतं, आणि बाबा म्हटलेलं मागे घेत नाहीत. ते दादाकडे बघत राहिले.

दादा त्या लिंबापाशी गेला. उचललं. मला वाटलं, आता प्रॅक्टिकली काहीतरी ऐकायला मिळणार. तो नव्या पँटसकट ओल्या मातीत गुडघ्यावर बसला, लिंबू उजव्या चाकाच्या पुढ्यात नीट दाबून ठेवलं, सटकू नये म्हणून खाली बोटाने खळगा केला, आणि उठून हाताने मला खुणावलं.

"हं, ये आता. सावकाश. मी बघतोय."