मास्तरांनी आवळलेली विजार

आमच्या शेजारचे शिंपीमास्तर साऱ्या गल्लीची मापं काढतात, अंगाचीही आणि स्वभावाचीही. स्वतःचं माप मात्र त्यांना साफ चुकलं.

बरीच वर्षं ते इन्सुलिन टोचून घेत होते. यंदा साखर आपोआप उतरायला लागली. इन्सुलिन निम्म्यावर आलं, पोट आत गेलं. मास्तरांनी आपलीच विजार दोनदा आवळली आणि दुकानाच्या दारात येणाऱ्याजाणाऱ्याला तिची शिवण दाखवू लागले.

"बघा! डायबेटिसला टाके घातले!"

"आणि तोंडाला काळं कुणी फासलं?" मी विचारलं. माणूस दिवसभर सावलीत बसणार, आणि रंग उन्हात खडी फोडल्यासारखा. तळहाताच्या रेघासुद्धा काळ्या!

"जळतात मेले शेजारी," म्हणत त्यांनी काकडीच्या फोडीवर मीठ थापलं.

वहिनींना मात्र हसू येईना. "मिठाची बरणी भरून ठेवावी तर रिकामी. जिना चढताना मध्येच बसतात. याला बरं होणं म्हणतात?"

"तू गप गं. जिंकलेला माणूस दमतोच."

मग एका सकाळी कापड बेतता बेतता मास्तर घामाघूम होऊन टेबलावर कलंडले. काहीबाही बरळत होते. गिळता येत होतं म्हणून वहिनींनी साखरेचं पाणी पाजलं आणि आम्ही त्यांना गाडीत कोंबलं.

दवाखान्यात वहिनींनी मिठाच्या बरणीची तक्रार केली आणि डॉक्टरीणबाईंनी मास्तरांचे तळहात उलटून पाहिले. तपासण्या झाल्या.

"मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या दोन ग्रंथी असतात," त्या म्हणाल्या. "साखर फार घसरू लागली की त्यांचा रस तिला सावरतो. तुमच्या ग्रंथी बंद पडत आल्यात, मास्तर. साखर त्यामुळे उतरत होती; मिठाची हाव, काळा रंग आणि दमणंही त्यातलंच. आणखी उशीर झाला असता तर जीव गेला असता. आता गोळ्या आयुष्यभर, एकही चुकवायची नाही."

गोळ्यांनी तरतरी आली, रंग निवळला, पोट पुन्हा पुढे आलं. साखरही वर चढली आणि इन्सुलिन पूर्वीइतकं झालं.

"म्हणजे आलाच का तो डायबेटिस परत!" मास्तर रुसले.

"येऊ दे की," वहिनी म्हणाल्या. "त्याच्याबरोबर तुम्ही आलात ना!"

काल मास्तर दाराकडे पाठ करून विजार उसवत बसले होते.

"आज शिवण दाखवणार नाही का?" मी हळूच विचारलं.

"तुमचे कपडे माझ्याकडेच शिवायला आहेत," मास्तर मान वर न करता म्हणाले, "एवढं ध्यानात असू द्या."