बार्शी ते होटगी: दोन भावांमधला निरोप

हे लिहायचं मी रोज उद्यावर ढकलत होतो. बार्शीत ज्यांच्या घरी मी भाड्यानं राहतो ते नाना अंथरुणाला खिळलेत. म्हणाले, "तू भटक्याच आहेस, होटगीला जाऊन ये. आमच्या तात्याला म्हणावं, एकदा भेटून जा." तात्या म्हणजे धाकटा भाऊ. बेचाळीसच्या चळवळीपासून दोघांत बोलणं नाही.

होटगीला जायचं तर सरळ सोलापूरची एस.टी. धरावी. मी गप्पांच्या नादात मोडनिंबच्या गाडीत बसलो. तिथं भजी खाल्ली, ट्रकवाल्याला हात केला आणि सोलापूर गाठेपर्यंत ऊन उतरलं. कडक भाकरी, शेंगाचटणी स्टेशनजवळच बांधून घ्या. पुढं पॅसेंजरनं होटगी जवळच, पण खायला मिळेलच असं नाही.

रुळांपलीकडच्या उजाड माळावर तात्या शेळ्या राखत होते. इथंच त्यांनी रूळ उखडले होते. मालगाडी घसरली, इंजिनात कोळसा घालणाऱ्या एका फायरमनचा पाय गेला. नाना सत्याग्रही. पोलिसांनी विचारलं तेव्हा खोटं बोलायचं नाही म्हणून त्यांनी भावाचं नाव सांगून टाकलं. स्वातंत्र्य आलं तेव्हाच तात्या तुरुंगातून सुटले.

निरोप ऐकून तात्या म्हणाले, "अजून खोटं बोलत न्हाय का त्यो?"

"नाही."

"लई पुण्यवान. मी रूळ उखडलं, त्यानं सख्खा भाऊ उखडला."

"फायरमन पण आपलाच होता की, तात्या."

त्यांनी काठीनं एक शेळी माघारी हाकलली. "व्हय. सोलापूरचाच. घर बी म्हाईत हाय मला, पाय वळत न्हाय तिकडं." मग उठले. "त्याला सांग, तात्या मेला."

परतल्यावर मी जसंच्या तसं सांगितलं. नाना म्हणाले, "मेला म्हणाला? मग पाणी काढ."

अंगात ताप असताना त्यांनी डोक्यावरून गार पाणी घेतलं, सुतक धरलं, अन्न सोडलं. विचारेल त्याला सांगतात, भाऊ गेला.

"नाना, ते जिवंत आहेत. मी बघून आलोय."

"तो स्वतः म्हणाला ना? मी त्याला खोटं कसं पाडू?"

डॉक्टर म्हणतात, हा उपास झेपायचा नाही. गल्लीतल्या एकाची रेल्वेत नोकरी होटगीला आहे, त्याच्याबरोबर मी तात्यांना हे कळवलं. प्रवासातलं बाकी सगळं पुसट झालंय. दोघांत जास्त कठोर कोण, एवढंच डोक्यात फिरतंय. रूळ तरी परत बसवता येतात.

आत्ता दार वाजलं म्हणून उठलो. तात्या आहेत. उंबऱ्याबाहेरूनच म्हणतायत, "आत जाऊन सांग त्याला, मेलेला भाऊ जेवायला आलाय."