महालक्ष्म्यांच्या तोंडावर बंद केलेली गोळी

एका पाकिटात अठ्ठावीस गोळ्या असतात. एकवीस पांढऱ्या, सात तपकिरी. पांढऱ्या मूल राहू नये म्हणून. तपकिरी लोहाच्या, आणि त्या चालू असताना पाळी येते. आमच्या अल्लीपूरकडच्या गावात तपकिरी गोळ्या फारशा कोणी खात नाही. घरात लग्न, नवरात्र किंवा महालक्ष्म्या आल्या की त्या सात फेकायच्या आणि पुढच्या पाकिटातली पांढरी सुरू करायची. पाळी येतच नाही. हे मला कोणा डॉक्टरने शिकवलं नाही. लग्नाघरी पोळ्या लाटताना बायकांकडून शिकले. फेकायच्या गोळ्या मी गुलाबाच्या कुंडीत टाकायची. गुलाब जोमात होता आणि माझं हिमोग्लोबिन नऊ होतं.

गोळीवर माझा राग नाही, हे आधीच सांगते. दोन मुलांवर थांबता आलं ते तिच्यामुळेच. पण अकरा वर्षं मी ती औषधाच्या दुकानातून आणून खात होते आणि तेवढ्या काळात एकदाही कोणी माझ्या दंडाला बीपीचा पट्टा बांधला नाही. म्हशीला लस टोचायला मात्र डॉक्टर वर्षातून दोनदा घरी येतो.

सासूबाई गेल्या आणि मोठी सून म्हणून महालक्ष्म्या माझ्याकडे आल्या. त्या वर्षी मी पंचेचाळीस पूर्ण केली होती. फराळाचं करताना डोकं असं ठणकायला लागलं की हातातला झारा खाली ठेवावा लागला. पाय सुजले होते. ब्लाऊज वर्षात दोनदा उसवून झाले होते. महालक्ष्म्या तीन दिवसांवर असताना मी तालुक्याच्या दवाखान्यात गेले.

बीपी एकशे अठ्ठावन्नवर अठ्ठ्याण्णव. मी म्हटलं, बसमधून उतरून सरळ आले, म्हणून असेल. डॉक्टरीणबाईंनी अर्धा तास बसवून पुन्हा मोजलं. एकशे छप्पन्नवर अठ्ठ्याण्णव. उपाशीपोटी साखर एकशे एकोणीस. पोटाचा घेर छत्तीस इंच.

"गोळीमुळे झालं का हे सगळं?" मी विचारलं.

"सगळं गोळीमुळे, असं मी म्हणणार नाही," त्या म्हणाल्या. "वय आहे, वजन आहे. घरात कोणाला साखर?"

"आईला. बीपी पण."

"मग ही गोळी आजपासून बंद. तपकिरी फेकल्यानं एवढं बिघडत नाही हो. पण या वयात, या बीपीवर ही गोळी घेतली तर लकव्याचा धोका वाढतो. अकरा वर्षांत कोणीतरी मोजायला हवं होतं."

लकवा हा शब्द मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. आईला झाला तेव्हा ती एकोणपन्नास वर्षांची होती. पुढे आठ वर्षं ती खाटेवर होती. तिचं तोंड धुणं, तिला भरवणं, तिची कूस बदलणं मी या हातांनी केलं आहे. एकोणपन्नासातून पंचेचाळीस वजा केले की चार उरतात.

घरी आल्यावर नवऱ्याला सांगितलं. तो भिंतीला चुना मारत होता.

"आज बंद केली त पाळी कधी येईन?"

"तीन-चार दिवसांत. जेवणाच्याच दिवशी."

त्याने चुन्याचा हात तसाच धरला. "मंग एवढ्या महालक्ष्म्या होऊ दे नं. चार गोळ्याचा त सवाल हाय."

"अकरा वर्षं चार-चार गोळ्याचाच सवाल होता."

त्याने कुंचला पुन्हा चुन्यात बुडवला. वाईट माणूस नाही तो. माझ्या आईला आंघोळ घालताना बादली त्यानेच धरली होती. तेही त्याला आठवलं असावं.

धाकटी जाऊ दुसऱ्या दिवशी तिच्या गावाहून, जामहून आली. पिशवी ठेवायच्या आधी तिने पर्समधून वेगळीच स्ट्रिप काढली. "ताई, हे घ्या. हे थे नाई. हे फक्त पाळी पुढं ढकलाची हाय. मी दरवर्षी घेतो."

"तुहं बीपी किती हाय?"

"मले काय मालूम?"

"मले माहं मालूम हाय. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, विचारल्याबिगर कोणतीच नाई."

तिने स्ट्रिप परत ठेवली, पण पर्सची चेन लावली नाही.

महालक्ष्म्या आल्या, त्यांची दोन लेकरं पुढे घेऊन बसल्या. आणि जेवणाच्या दिवशी पहाटे, पुरण शिजत टाकलं असताना, पाळी आली. मी मागे जाऊन आले, हातपाय धुतले आणि पुन्हा पुरणाशी उभी राहिले. लपवलं असतं तर कोणाला कळलं नसतं. पण लपवायचं नाही, हे मी रात्रीच ठरवलं होतं. लपवलं की पुढच्या वर्षी पुन्हा गोळी आलीच.

चुलतसासू नाल्यापलीकडच्या घरून सोवळं नेसून आल्या. सासूबाईंच्या मागे घरात त्यांचाच शब्द चालतो. मी त्यांना सांगितलं.

"अवं बाई! अन् तू चुलीपाशी? गोळी काऊन नाई घेतली?"

"बीपी वाढलं. डॉक्टरनं बंद केली."

"आमाले काय बीपी नोयतं? आमी काय मेलो?"

"तुमी मोजलंच नाई, काकू, त तुमाले कसं मालूम?"

"मोजून महालक्ष्म्या होत नाईत, बाई. बाजूले बस. देवीचा कोप झाला त सांभाळता येणार नाई."

"काकू," मी म्हटलं, "महालक्ष्म्या दोन लेकरं घेऊन आल्या हायेत. पाळी आल्याबिगर झाले का थे लेकरं?"

धाकटी जाऊ भाजी चिरत होती. तिच्या तोंडून हसू फुटलं, आणि तिने ते पदरात कोंबलं. काकूंनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा मुखवट्यांकडे, आणि उंबऱ्यातूनच फिरल्या.

सोळा भाज्या झाल्या, आंबील झाली, पुरणपोळ्या झाल्या. पंगतीत दोन घरं आली नाहीत. अकरा पानं मोकळी राहिली. नवरा उपवास सोडायला बसला तेव्हा दारातून कोणीतरी म्हणालं, "दादा, विटाळाचं जेवता का?" तो म्हणाला, "पंचवीस वर्षं हिच्याच हातचं जेवलो. त्यात किती दिवस विटाळाचे होते, थे मीनं कधी मोजले नाई." आणि त्याने दुसरी पोळी मागितली.

मी पुढे तांबी बसवून घेतली. बीपीची गोळी चालू आहे, मीठ कमी केलं, संध्याकाळी चालते. या महिन्यात एकशे अठ्ठावीसवर चौऱ्याऐंशी. साखर एकशे आठवर आहे. ती अजून मला हवी तशी नाही, आणि ती महालक्ष्म्यांनीही उतरवलेली नाही.

देवीचा कोप कुठे दिसला, ते गावाने मला दाखवावं. मी वर्षभर वाट पाहिली. सोयाबीन सगळ्यांसारखंच झालं, ना कमी ना जास्त.

यंदा भाद्रपद लागला तशा काकू बोलायला लागल्या. आधी धाकटीच्या तोंडून विचारलं, महालक्ष्म्या जामला बसवायच्या का. धाकटी म्हणाली, "माह्या घरी बसल्या तरी मी आता ढकलाची गोळी घेणार नाई." मग काकूंनी त्यांच्या मुलाला पाठवलं: आम्ही जेवायला येऊ, पण तारखा बघून सांग, तुझी अडचण नसली पाहिजे.

मी त्याच्याच हाती निरोप दिला, "काकूले सांग, सगळे जेवाले येजा. पान मांडून ठेवतो. पण माह्या तारखा या घरात आता कोणाले मिळणार नाई."