निघोज्याच्या आंब्यावरचा डबा

सोपान गेल्याची बातमी घेऊन त्याचा धाकटा भाऊ कारखान्याच्या फाटकाशी उभा होता. सकाळच्या पाळीची माणसं आत चालली होती आणि तो त्या गर्दीत मला शोधत होता. "दादा गेला," एवढंच म्हणाला. चार दिवस ताप होता, पाचव्या दिवशी उतरल्यासारखा वाटला, आणि मग... मी सायकल भिंतीला टेकवली. मला रडू आलं नाही. खरं सांगतो, पहिला विचार मनात आला तो हा, की त्या फोटोची हकीकत आता माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नाही. सुटल्यासारखं वाटलं. मग स्वतःचीच शिसारी आली आणि मी त्याच्या भावाबरोबर निघोज्याला, त्यांच्या गावी, निघालो.

तो फोटो काही वाचकांना आठवत असेल. तीन वर्षांपूर्वी याच पुरवणीत छापून आला होता. वाळलेल्या आंब्याच्या ढोलीतून पोपटाची दोन पिलं माना बाहेर काढून बसली आहेत आणि बाप चोच वाकडी करून त्यांना भरवतो आहे. खाली माझं नाव आहे. पुष्कळांनी कौतुकाची पत्रं पाठवली, ती मी अजून जपून ठेवली आहेत. सोपानवर लिहायला बसलो तर आधी त्या फोटोवर लिहावं लागणार, हे मला कळत होतं. म्हणूनच हा लेख इतके आठवडे रखडला.

मी बार्शीहून पिंपरीला स्टोअर्समध्ये कारकून म्हणून आलो, तेव्हा बरोबर एक ट्रंक, एक वळकटी आणि मेव्हण्यांनी दिलेला भात्याचा घडीचा कॅमेरा होता. कारखाना नवा, वस्ती विरळ, संध्याकाळी करायला काही नाही. पवनेच्या काठच्या चिंचांवर पोपटांचे थवे उतरायचे. त्यांचे फोटो काढायचे, असं मी मनाशी ठरवलं. दोन वर्षं त्यांच्या मागे हिंडलो आणि हाती काय लागलं, तर शेपट्या! एक तर तो कॅमेरा चार-पाच हातांवरून नीट काढणारा; इतक्या जवळ पोपट मला कशाला येऊ देतील? दुसरं असं, की काळ्यापांढऱ्या फिल्मवर हिरवा पोपट आणि हिरवा पाला दोन्ही सारखेच करडे दिसतात. एका फोटोत मी बारा पोपट आहेत म्हणून सांगायचो, पण बघणाऱ्याला एकही सापडायचा नाही.

सोपानला पहिल्याच झटक्यात सात सापडले. तो पॅकिंगमध्ये होता, निघोज्याहून सायकलवर यायचा. कँटीनमध्ये माझ्या शेजारी चहा पीत होता, फोटो उलटासुलटा करून म्हणाला, "सात हायती. बाकीची पानं हायती, मधूराव." मला राग आला. त्याचं सगळं बालपण शेतातल्या माळ्यावर उभं राहून, गोफण फिरवून पोपट हाकलण्यात गेलेलं. कणसावर कुठून उतरतात, आधी कोण उतरतो, पहारा कोण करतो, हे त्याला तोंडपाठ होतं. नुसता आवाज ऐकून सांगायचा, "ही मादी नवी हाय, आजून घाबरतीया." मी पुस्तकं वाचून जे शिकलो, ते सगळं त्याला आधीच ठाऊक असायचं, आणि ते तो इतक्या सहज सांगायचा की माझ्या पोटात दुखायचं.

फोटो पानांत काढायचाच नाही, हे त्यानंच मला सांगितलं. "ढोलीवर काढा. वाळकं लाकूड पांढरं दिसंल, पोपट उठून दिसंल." त्यांच्या वावराच्या कडेला, इंद्रायणीच्या काठावर एक अर्धा वाळलेला आंबा होता. माघात त्यानं खोडाजवळ बांबूचा माळा बांधला, राखणीला बांधतात तसाच, ढोलीच्या उंचीचा. मी विचारलं, आता कॅमेरा आणू का? तो हसला. "आत्ता न्हाई. आदी त्यांला सवय हुंदे." आणि त्यानं बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा काढला, त्याला काजळी फासली, पुढच्या बाजूला भोक पाडून त्यात फुटक्या बाटलीचं बूड बसवलं. लांबून थेट माझा कॅमेरा! तो डबा त्यानं माळ्याच्या पार दुसऱ्या टोकाला ठेवला. पहिल्या दिवशी मादी दोन तास ढोलीकडे फिरकली नाही. सोपान बांधावर घोंगडी पांघरून बसून राहिला. मग दर दोन दिवसांनी तो डबा वीतभर पुढे सरकवायचा. कामावरून आला की आधी आंब्यावर, मग घरी. मी रविवारी जायचो, बघायचो आणि परत यायचो. महिना-सव्वा महिन्यात डबा ढोलीपासून चार हातांवर आला आणि पोपट त्याच्याकडे ढुंकूनही बघेनासे झाले. "येत्या ऐतवारी कॅमेरा घिऊन या. कळीला दोरी बांधू, बांधावरनं वडू," सोपान म्हणाला. "मी दोरी वडतो, तुमी बगा."

मी दोरी ओढतो, तुम्ही बघा! ते वाक्य परतीच्या वाटेवर माझ्या डोक्यातून जाईना. कॅमेरा माझा, फिल्म माझी, आणि फोटो हा काढणार. नदीचा उतार ओलांडताना सायकल खांद्यावर होती, तळवडं गाव येईपर्यंत मी मनात त्याच्याशी भांडत होतो. त्याला वाटणी हवी होती असं नव्हे, त्याला फक्त दोरी ओढायची होती... पण मला तेवढंही देववेना. गुरुवारी मी पोटदुखीचा अर्ज टाकला आणि निघोज्याला गेलो. सोपान त्या वेळी कामावर होता. माळ्यावर चढलो, डबा काढून खाली गवतात टाकला, त्याच्या जागी कॅमेरा ठेवला, कळीला दोरी बांधली आणि बांधावर त्याच्याच घोंगडीखाली जाऊन बसलो. अर्धा तासही गेला नसेल. बाप आला, पिलांनी माना काढल्या, मी दोरी ओढली. पुढची फिल्म फिरवायला वर चढलो तर नर-मादी दोघंही ओरडत उडाली आणि मी होतो तोवर परत आली नाहीत. एकच फोटो निघाला. तो घेऊन मी असा पळालो की डबा जागेवर ठेवायचं भान राहिलं नाही.

रविवारी गेलो तेव्हा ढोली रिकामी होती. पिलं उडून गेली होती. सोपान आंब्याखाली उभा होता आणि त्याच्या हातात तो डबा होता. मी सबबी जुळवून नेल्या होत्या, त्यांतली एकही सांगायची वेळ आली नाही. तो म्हणाला, "मधूराव, डबा तेवढा जागेवर ठेवायचा व्हता. बिचकली असतील." डब्याला लागलेलं गवत झटकत त्यानं विचारलं, "आला का पर फोटू?"

"एक आलाय," मी म्हणालो.

"मग झालं की!"

फोटो धुऊन आला तेव्हा मी त्याला दाखवला. त्यानं तो हातावर घेतला आणि लहान मूल धरावं तसा जपून धरून कितीतरी वेळ बघत राहिला. "ह्यो बापच. उजव्या पखातलं पीस तुटल्यालं हाय बगा." त्याचे डोळे भरून आले होते. मला वाटलं होतं, तो चिडेल, चार शिव्या देईल. दिल्या असत्या तर फिटंफाट झाली असती. पण त्याला माझ्यापेक्षा जास्त आनंद झाला होता. फोटो मी काढला होता, नाव माझं छापून आलं होतं, ज्या कँटीनमध्ये तेव्हा संयुक्त महाराष्ट्राशिवाय दुसरा विषय नसायचा तिथं आठवडाभर माझ्या फोटोची चर्चा होती, आणि तरी मी त्या पॅकिंगमधल्या माणसावर जळत होतो. तो मात्र माझ्या शेजारी बसून जो येईल त्याला सांगायचा, "आमच्या आंब्यावरचा हाय." माझं नाव घ्यायचा तो आदरानं. मला ते ऐकवत नसे.

पुढच्या माघात त्यानं पुन्हा माळा बांधला आणि कॅमेरा मागितला. मी भाता फाटल्याचं सांगितलं. त्याच्या पुढच्या वर्षी फिल्म मिळत नाही म्हणून सांगितलं. दोन्ही खोटं होतं. त्यानं पुन्हा विचारलं नाही, पण डबा मात्र दरसाल ठेवत राहिला. कॅमेराच नाही तर डबा कशाला ठेवतोस, असं मी एकदा कुचकेपणानं विचारलं. तो म्हणाला, "त्यांला सवय हाय आता. न्हाई दिसला तर हुडकतील." या गेल्या चैत्रात आम्ही दोघं बांधावर बसलो होतो, ढोलीत पिलं होती आणि माझा कॅमेरा पिंपरीच्या खोलीत ट्रंकेत होता. तीच आमची तिथली शेवटची बैठक.

दिवस झाल्यावर पंधरवड्यानं मी पुन्हा निघोज्याला गेलो. त्यांच्या ओटीवर भिंतीला खळ लावून पुरवणीतलं ते पान चिकटवलेलं आहे. सोपानच्या बायकोनं आतून डबा आणला आणि माझ्यापुढे ठेवला. "भाऊजी, ह्यो तुमचा कॅमेरा घिऊन जावा. आता हितं कोन वापरनार?" मला आधी कळलंच नाही. मग लक्षात आलं, की माझा खरा कॅमेरा त्या माउलीनं कधी पाहिलाच नव्हता. तिनं भिंतीवरच्या पानाकडे बोट केलं. "ह्यानंच काढल्याला न्हवं त्यो फोटू? त्येंनी काढल्याला?"

तीन वर्षं कुणी मला इतका सरळ प्रश्न विचारला नव्हता. मी म्हणालो, "होय वहिनी. ह्यानंच काढला. सोपाननं काढला." तिनं मान हलवली. तिला त्यात नवं काही नव्हतं. तेच आज मी तुम्हाला सांगतो आहे, आणि त्या फोटोखालचं माझं नाव काढून त्याचं घालावं, अशी संपादकांना विनंती करतो आहे.

डबा आता माझ्या खोलीत फळीवर आहे, शेजारी कॅमेरा आहे. डब्याच्या झाकणावर पोपटांची वाळलेली पांढरी शीट आहे आणि एका कडेला काजळी खरवडून त्यांच्या नखांचे ओरखडे उमटले आहेत. माझ्या बायकोनं परवा तो राखेनं घासायला घेतला होता, मी हातातून काढून घेतला. इतकी वर्षं मला वाटत होतं, सोपानचा हेवा मी त्याच्या डोळ्यांसाठी, त्याच्या कानांसाठी करतो... पोपट येऊन त्याच्या डब्यावर बसत होते. माझ्या कॅमेऱ्यावर आजवर एकही बसलेला नाही.