आमच्या अंगणातला डोंगा

आसेगाव सोडलं तेव्हा मी बैलगाडीत मागं तोंड करून बसले होते. नव्या नवरीनं पुढं पाहावं, असं सगळ्या बाया म्हणत होत्या. मी ऐकलं नाही. गाडी शेलूबाजारला जायची होती, तिथून मोटार. बाबा वेशीपर्यंत आले आणि तिथंच थांबले. आई मात्र गाडीच्या कडेला धरून चालत राहिली आणि एकच सांगत राहिली, "तिकडं कोनाले डोंग्याचं सांगू नको माय. इचारलं तरी नाही."

हे लिहिते आहे ते गावात राहिलेल्यांसाठी, आणि माझ्यासारख्या बाहेर पडून कुठं कुठं जाऊन वसलेल्यांसाठी. शाळेत मी बसले नाही. पुढं माझ्या मुलांच्या पाटीवर अक्षरं शिकले. त्यामुळे लिहिताना 'मला' येतं, तोंडात अजून 'मले'च असतं, चालवून घ्या. पण डोंग्याचं आज सांगणारच. आईचं पुष्कळ ऐकलं.

आम्ही सुतार. बाबा बंड्या, म्हणजे बैलगाड्या, करत, वखर-तिफणी करत, दारं-चौकटी करत. पाटलाचा थोरला मुलगा नागपूरला शिकून आला, त्याला सारे बापूसाहेब म्हणत. त्याला गळानं मासे धरायचा नाद लागला होता. पोटासाठी नव्हे हो, हौस! मरळ गळाला लागली की तिच्याशी झुंजायचं, मग मिशीवर हात फिरवायचा. काठावर बसून मोठी मरळ मिळेना, म्हणून नदीच्या डोहात मधोमध बसायला त्याला डोंगा, म्हणजे लहानशी होडी, पाहिजे झाला. आमच्याकडचे भोई वाळक्या भोपळ्यांवर तरंगत जाळं टाकायचे, डोंगा कोणी पाहिलेलाच नव्हता. बापूसाहेबानं एका इंग्रजी मासिकातलं चित्र आणून बाबांपुढं धरलं आणि म्हणाला, असा करून दे. पाटलाला नाही कोण म्हणणार?

दिवाळी झाल्यावर आमच्या अंगणात काम सुरू झालं. बाबा चित्र पाहायचे, फळी पाहायचे, पुन्हा चित्र पाहायचे. सागाच्या फळ्या चुलीच्या धगीवर शेकून वाकवल्या, त्यात दोन मोडल्या. गाव येऊन पाहून जायचं. आमची आत्या विधवा होऊन आमच्याकडंच राहायची, ती म्हणे, "दादा, याले बैल कुठं जुपतं रे?" आम्ही पोट धरून हसायचो. बाबासुद्धा हसायचे. तसे हसताना मी त्यांना नंतर पाहिलं नाही.

फळ्यांमधल्या फटी बुजवायचं काम माझं. सरकी काढलेला कापूस वळायचा, राळ जवसाच्या तेलात उकळायची, त्यात तो भिजवून फटीत दाबायचा. आई म्हणाली, पोरीला कशाला लावता, बाईमाणसानं सुताराच्या हत्याराला शिवू नये. बाबाच म्हणाले, "तिचं बोट बारीक हाय, भेगीत बरं जाते." हे मी मुद्दाम लिहून ठेवते. मी आपणहून गेले नव्हते, मला बाबांनी बसवलं होतं. बोटं भाजली, नखं काळी पडली, पण मला ते काम फार आवडलं. खोटं कशाला बोलू? त्याआधी भाकरीशिवाय माझ्या हातानं काही केलेलं कोणी पाहायला आलं नव्हतं.

अखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, दिवशी डोंगा बंडीवर घालून डोहावर नेला. नारळ फोडला. बापूसाहेब गळ घेऊन मधे जाऊन बसला. आणि पाणी आत येऊ लागलं, चारी बाजूंनी, झिरपत झिरपत. त्याचे बूट भिजले. भोयांनी त्याला ओढून काढलं, काठावरची पोरं हसली, आणि बापूसाहेबानं सगळ्यांदेखत बाबांना विचारलं, "कोनी कोनी हात लावला याले?"

बाबा खाली वाकून बंडीचे दोर गुंडाळू लागले. आत्याच बोलली, की पोरीनं कापूस भरला. झालं. ते ऐकून काठावरच्या सगळ्यांची सुटका झाली. मग कोणी म्हणालं पोरीचा हात, कोणी म्हणालं इटाळ झाला असेल. फळ्या कोणी पाहिल्याच नाहीत, माझ्याकडंच पाहत राहिले. डोंगा तिथंच काठावर टाकून दिला. कामरगावचं स्थळ जवळजवळ ठरलं होतं, त्यांच्यापर्यंत बोलणं पोचलं आणि त्यांनी नकार कळवला. म्हणून मग मला इतक्या लांब दिली, उरणला, समुद्राकाठी सुतारकी करणाऱ्या माणसाला, जिथं आमचं कोणी ओळखीचं नव्हतं.

उरणला पहिलं वर्ष मी मुकी होते. भाकरी तांदळाची, वास मासळीचा, आणि बोलणं असं की अर्धं कळायचं नाही. शेजारची हिराबाय मला हाताला धरून खाडीवर न्यायची. एके दिवशी तिच्या दिराची नवी होडी पाण्यात घातली. हळदकुंकू झालं, आणि होडीत पाणी भरायला लागलं. मी इकडंतिकडं पाहू लागले, की आता कोणत्या बाईकडं बोट दाखवतात. कोणी दाखवलं नाही. माणसं विड्या ओढत बसली. मी घाबरत हिराबायला विचारलं, तर ती हसायला लागली. "अगो, नवी हाय ती, पानी पिनारच. लाकूर फुगंल न् मंग बंद व्हईल."

चार-पाच दिवसांनी पाणी उपसलं, होडी कोरडी ठणठणीत.

तेव्हा मला जो राग आला तो अजून गेला नाही. कारण ही गोष्ट आमच्या घरात अंगणातल्या लहान पोरालाही माहीत होती! उन्हाळ्यात बंडीचं चाक वाळून आटलं, आरे खुळखुळायला लागले, की बाबा काय करायचे? चाक नदीत नेऊन टाकायचे. लाकूड फुगलं की चाक घट्ट. जे चाकाला लागू, ते डोंग्याला काहून नाही? काठावर अर्धं गाव उभं होतं, सगळ्यांच्या घरी बंड्या होत्या. एकालाही चाक आठवू नये?

थोरला पोटात असताना माहेरी गेले. बाबा जेवत होते, आई वाढत होती. मी हिराबायच्या दिराची होडी सगळी सांगितली. मला वाटलं, बाबा चकित होतील, म्हणतील की अरे, तुझ्यावर उगाच आळ आला. त्यांनी घास खाली ठेवला.

"मले मालूम होतं पोरी. त्याच पानकळ्यात डोंगा पावसानं काठोकाठ भरला, अन् बाहेर थेंब गळला नाही. मी रोज जाऊन पाहो."

त्याच पावसाळ्यात. माझं लग्न ठरायच्या आधी. मी विचारलं, मग सांगितलं काहून नाही? बाबा म्हणाले, बापूसाहेबाला काय सांगणार, त्याचा नाद सुटला होता, अन् गावही ते विसरून गेलं होतं. गाव विसरलं होतं! मला उरणला देऊन गाव विसरलं. आई म्हणाली, जेवणावर कशाला हा विषय.

त्यानंतर मी आसेगावला गेलेच नाही असं नाही. आईच्या आजारपणात गेले, बाबांना खांदा द्यायची वेळ आली तेव्हा गेले, आणि रडले पण. पण मी 'घरी जाते' म्हणत नाही, 'आसेगावला जाते' म्हणते. माझं घर उरणला आहे, खाऱ्या हवेनं भिंतीचा चुना झडतो तरी. या घरात दूध नासलं, लोणच्याला बुरशी आली, तरी 'कोणाचा हात लागला' असं विचारायचं नाही, हे मी पहिली सून आली त्या दिवशीच सांगून ठेवलं. एकदा लोणचं बुरसलं तेव्हा थोरल्यानं बायकोला तेच विचारलं. मी त्याला भरल्या ताटावरून उठवला आणि म्हटलं, आधी जाऊन बरणीचं झाकण बघ, मग जेवायला बस.