मावशींचा सोमवार

मासळी बाजारात कोळीण मावशी माझ्यासाठी सुरमईच्या तुकड्या करत होत्या. मी सहज विचारलं, "आज तुमच्या घरी काय?"

"डाळभात. मी सोमवार पाळते ना," कोयता न थांबवता त्या म्हणाल्या.

आमच्या शेजारचे जैन काका बटाटाही खात नाहीत. वसईची माझी मैत्रीण ईस्टरआधीचे चाळीस दिवस मटण सोडते. प्रत्येकाची रेघ वेगळी, आणि दुसऱ्याची प्रत्येकाला विचित्रच वाटते. पण समोर आहे, भूकही आहे, तरी आज नको, हे म्हणायला माणूस सगळीकडे शिकला. देव कुठलाही असो.

मावशींनी सुरमईचं डोकं पायाशी घुटमळणाऱ्या मांजरीपुढे टाकलं.

"खा बाई," त्या म्हणाल्या, "तुला कुठला आलाय सोमवार."