डाव्या डोळ्याचे ठिपके

गंगापूर रोडवरच्या एका लहानशा सॉफ्टवेअर कंपनीत मी कामाला होते तेव्हाची गोष्ट. एक दिवस आमच्याकडे वीतभर लांबीची काळी पट्टी आली. ती स्क्रीनच्या खालच्या काठाला चिकटवायची, समोर माणूस बसवायचा, आणि त्याची नजर स्क्रीनवर कुठे कुठे फिरली ते ती टिपून घ्यायची. जिथे नजर रेंगाळली तिथे नंतर लाल डाग दिसे. आम्ही शेतकऱ्यांसाठी ॲप बनवत होतो. रोगट पानाचा फोटो पाठवायचा आणि उपाय विचारायचा, एवढंच. पण फोटो पाठवायचं बटणच लोकांना सापडत नव्हतं. ते का, हे शोधायचं काम माझ्याकडे आलं. लोकांना काय दिसतं ते आता आपल्याला कळणार म्हणून मी खूश होते.

तिसऱ्या दिवशी मखमलाबादकडचं एक जोडपं आलं. झेंडू-शेवंती करणारं. एकावेळी एकालाच बसवायचं असल्यामुळे नवरा बाहेर बाकावर थांबला आणि बाई आत आल्या.

सुरुवातीला स्क्रीनवर एकेक करून नऊ ठिपके येतात. त्यांच्याकडे बघत राहायचं, म्हणजे यंत्राला डोळ्यांची ओळख पटते. बाईंचा उजवा डोळा लगेच जुळला. डाव्याच्या खुणा मात्र स्क्रीनभर विखुरलेल्या. मी पट्टी पुसली, खुर्ची पुढे घेतली, पडदा ओढला. पुन्हा तेच. यंत्रच बिघडलं असं मला वाटलं.

"मावशी, उजव्या डोळ्यावर हात ठेवा. ठिपका दिसला की सांगा," मी म्हटलं.

त्यांनी हात ठेवला. ठिपका एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात गेला, मग मधोमध आला. त्या शांत बसल्या होत्या. जरा वेळाने म्हणाल्या, "सुरू झालं का?"

त्यांनी हात काढला, स्क्रीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"ताई, दार लावता का तेवढं?"

मी दार लावलं.

"त्या डोळ्यानं पुसट सावल्या दिसत्यात फक्त. लहानपणापासूनच. वरून काय कळत नाय. लग्नाच्या वेळी आई म्हणाली, कशाला सांगायचं. मग राहूनच गेलं."

"लग्नाला किती वर्षं झाली?"

"पोरगी बाळंतपणाला आलीय आता." त्यांनी बंद दाराकडे पाहिलं. "ह्यांना नाय माहीत. तुमच्या मशीनमधून कळंल का?"

"नाही कळणार," मी म्हटलं. पण ती रेकॉर्डिंग्ज पुढे कोण कोण बघतं, हे मला तरी कुठे ठाऊक होतं?

मी यंत्राला फक्त उजवा डोळा टिपायला लावलं आणि चाचणी घेतली. बाईंनी मान सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवली आणि बटण दाबलं. तीन दिवसांत ज्यांना ते पहिल्या झटक्यात सापडलं अशा त्या एकट्याच. कसं सापडलं विचारलं तर म्हणाल्या, "मी समदीकडं एकदा बघून घेते आधी."

मग त्या बाहेर चहाला गेल्या आणि नवरा आत आला. खुर्चीत बसताच त्याने आवाज खाली आणला.

"मॅडम, तिचा डावा डोळा धरला का मशीननं?"

"म्हणजे?" मी विचारलं.

"त्या डोळ्यानं दिसत नाय तिला. लग्नानंतर महिनाभरात ध्यानात आलं माझ्या. डावीकडून काय दिलं की हात चुकायचा तिचा."

"मग तुम्ही कधी बोलला नाहीत?"

"ती नाय बोलली. म्हटलं, नसंल सांगायचं तिला. तुम्ही बी सांगू नका, मला माहीत हाय म्हणून."

एवढं बोलून तो डोळे ताणून ठिपक्यांकडे बघू लागला. त्याचे दोन्ही डोळे झटकन जुळले. बटण काही त्याला शेवटपर्यंत सापडलं नाही. त्याची नजर बटणावरून चार वेळा गेलेली मला समोर दिसत होती, तरी तो "कुठंय, कुठंय" करत होता. मी वहीत 'सापडलं नाही' एवढंच लिहिलं.

ते निघाले तेव्हा मी खिडकीत उभी होते. रस्ता ओलांडताना तो तिच्या डाव्या बाजूला आला. मुद्दाम आला की सहज, हे वरून कळायला मार्ग नव्हता.

आठवड्याने आमच्या साहेबांनी विचारलं, "हे रेकॉर्डिंग एकाच डोळ्याचं का आहे?"

"चष्म्यावर चमक आली असेल," मी म्हटलं. बाईंना चष्मा नव्हता. साहेबांनी ते रेकॉर्डिंग बाजूला टाकलं आणि बाकीच्यांच्या लाल डागांवरून बटणाची नवी जागा ठरली. मी मान डोलावली.

दोघांनी वेगवेगळं, एकाच गोष्टीसाठी मला गप्प राहायला लावलं होतं. एकाला सांगितलं तर दुसऱ्याशी बेइमानी. न सांगावं, तर दोघंही हे गुपित एकमेकांपासून कशासाठी जपताहेत? पावसाळ्यात एकदा न राहवून मी त्यांनी चाचणीच्या वेळी भरलेल्या फॉर्मवरचा नंबर लावला. फोन त्याने उचलला. मी कंपनीतून बोलतेय म्हटल्यावर, पुढे काही बोलायच्या आत, "थांबा, तिला देतो," म्हणाला.

"बोला ना ताई," बाई म्हणाल्या.

"पाऊस झाला का तिकडे?" मी विचारलं.

"झाला थोडा."

फोन कशासाठी केला, हे त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर काय सांगितलं असतं, कोण जाणे.